सावडीतला कासरा

हट्टा गावातल्या सोनाजीला कुणी शहाणा म्हणत नसे, पण सावड जुळवावी ती त्यानंच. एकाचा एकच बैल, दुसऱ्याची नुसती तिफण, तिसऱ्याकडं माणसं. सगळ्यांची मोट बांधून हा बाबा पाच घरांची पेरणी पार पाडायचा. तोंड मात्र भारी फटकळ.

त्याची लेक शिला पुण्यात कॉम्प्युटरच्या कामावर होती. दोन हजार पाचच्या मे महिन्यात ती गावी आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. चार संस्थांचे कॉम्प्युटर जोडून एकच मोठं काम करून घ्यायचं, म्हणजे ग्रिड. आणि त्यांच्यात काम वाटून देणारं मधलं सॉफ्टवेअर, म्हणजे मिडलवेअर. दोन तपासून एक निवडायचं होतं, सोमवारपर्यंत. निवड चुकली तर संस्था अंग काढून घेणार आणि तिची वर्षभराची मेहनत पाण्यात.

"म्हंजे सावडच की!" सोनाजी हरखला. पोरीचं काम त्याला पहिल्यांदाच कळलं होतं.

"व्हय बाबा. एक लई झपाट्याचं हाय, पण समदे कॉम्प्युटर त्याच्याच हुकमात. दुसरं हळू चालते. पण ज्याची मशीन, त्याला पायजे तवा काढून घेता येते. मी पहिलंच लिहून राहिले."

सोनाजी खाली बघत म्हणाला, "व्यंकटराव आपल्या सावडीत काहून येत न्हाई, ठाव हाय?"

शिलाला वाटायचं, शेजारच्याच रानाचा तो, बांधावरून वाजलं असेल.

"सावडीत बैल दुसऱ्याच्या रानात जाते, पर कासरा मालकाच्या हातात ऱ्हाते. तो सावडीत व्हता त्या साली म्या घाई केली, समद्यांचे बैल माझ्याच गोठ्यात बांधले. मधीच व्यंकटरावाचं रान वापशाला आलं, पेरणीजोगी ओल झाली. बैल मागाया आला, तर म्या म्हणलं, पाळी आल्यावर ने. त्याचा वापसा गेला. पेरणी लवकर उरकली पोरी, पर माणूस तुटला. चूक माझीच."

नऊ वर्षं हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. शिलानं कागदावरचं पहिल्या सॉफ्टवेअरचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलं.

जूनमध्ये तिचा फोन आला. चारही संस्थांनी करारावर सह्या केल्या होत्या. सोनाजीनं फोन ठेवला, टोपी घातली आणि थेट व्यंकटरावाच्या दारात जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. व्यंकटरावानं बस म्हणलं नाही, जा म्हणलं नाही.

पेरणीच्या सकाळी मात्र तो बैलांसकट हजर. सोनाजीनं सवयीनं कासऱ्याला हात घातला आणि चटका बसल्यागत मागं घेतला.

"धर की लेका," व्यंकटराव कासरा पुढं करत म्हणाला. "मला च्या प्यायचा हाय."