सरकारी कंपन्यांचं कलम

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तशी हसण्यासारखी आहे — पण हसता हसता घशात अडकते.

नळदुर्गात मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. शेजारी रशीदचाचा, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले मेकॅनिक. रोज सकाळी पेपर घेऊन माझ्या ओट्यावर यायचे, बातम्यांचा अर्थ विचारायचे. इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही. सवय लागते हो — सगळं माहीत असण्याची.

एकदा बातमी आली. आपल्या देशासह काही देशांनी मिळून व्यापार करार केला होता आणि त्यात सरकारी कंपन्यांसाठीही एक कलम होतं.

"सर, ह्ये काय भानगड हाय?" चाचांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला काय जात होतं माझं? पण मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "सरकारी कंपन्या हळूहळू बंद करायच्या, चाचा."

चाचांनी पेपरची घडी घातली. त्यांची धाकटी नाझनीन तेव्हा एका सरकारी विमा कंपनीची परीक्षा पास झाली होती, चार दिवसांनी मुलाखत होती. दुसऱ्याच दिवशी चाचांनी तिला अडवलं. सर म्हणतात कंपनी बंद होणार, मग कशाला जायचं?

मी घाबरलो. कॉलेजात बसून ते कलम पहिल्यांदा वाचलं. बंद करा, विका — असलं काही त्यात नव्हतंच. खरेदी-विक्री धंद्याच्या हिशोबानं करा, आपला-परका करू नका, सरकारची मदत उघड दाखवा — एवढंच. लोकांच्या सेवेची कामं तर वगळलेली.

मुलाखतीला अजून तीन दिवस होते. चाचांचं दार माझ्या दारापासून दहा पावलांवर. गेलो का मी? ते तीन दिवस मी मागच्या दारानं कॉलेजला गेलो.

वर्षभरानं नाझनीन पुन्हा परीक्षेला बसली, पुन्हा पास झाली. या वेळी तिनं ते कलम मोबाइलवर काढून अब्बांना ओळ न् ओळ समजावलं. चाचा खुशीत माझ्याकडं आले. "सर, ते कलम तसं न्हाय बरं का."

आणि मी काय म्हणालो असेन?

"व्हय चाचा. मधी बदललं ते."

चाचा लई खूश. सरांच्या आधी आपल्याला कळलं, म्हणून चौकभर सांगत फिरले. नाझनीन मात्र फाइल घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, जराशी हसली. "बदललं असंल, सर," एवढंच म्हणाली.

आता ती धाराशिवला नोकरी करते, मजेत आहे. चाचा अजून पेपर घेऊन येतात, मी अजून अर्थ सांगतो.

ते कलम कधीच बदललं नव्हतं. मला येत नव्हतं, मी ठोकून दिलं, आणि कळल्यावर गप्प बसलो. त्या पोरीचं एक वर्ष माझ्यामुळं गेलं. तिला ते ठाऊक आहे. चाचांना नाही.