लाल रेषा, निळी रेषा

आमच्या घरी लिंबू आणतात ते सरबताला आणि पोह्यांवर पिळायला. दाराला टांगलेलं लिंबू बघून मी मनसोक्त हसलेली बाई आहे. या सदरातले अनुभव वाचतानाही 'झोप नीट झाली नसेल' हे माझं ठरलेलं मत. त्यामुळे आज इथे लिहायची माझी मलाच लाज वाटतेय... पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी भूगर्भशास्त्र शिकले, राहते मुरबाडला. उपग्रहाच्या चित्रांवरून डोंगरातले भ्रंश शोधणं हे माझं काम. भ्रंश म्हणजे खडकातला जुना तडा, ज्याच्या दोन्ही बाजू कधीतरी सरकल्यात. वरून तो सरळ रेघेसारखा दिसतो — ओढा उगाच सरळ जातो, झाडी एका ओळीत दाट होते. अशा जागी पाणी मुरतं, उतार घसरू शकतो. तिथे घर बांधू नये.

आमची एक पद्धत आहे. एकच चित्र दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांना न विचारता रेषा काढायच्या आणि मग एकावर एक ठेवायच्या. माझ्या लाल, निनादच्या निळ्या. निनाद माझा सहकारी, पुण्यात बसतो; आम्ही तपासतो तो डोळखांबचा डोंगराळ भाग त्याने फक्त स्क्रीनवर पाहिलाय. दोघांना दिसली ती रेषा धरायची, एकालाच दिसली तर पुन्हा तपासायची.

गेल्या वर्षी डोळखांबच्या वरच्या एका पाड्याजवळ माझी एक लाल रेषा एकटी पडली. ठळक, सरळ. निनाद म्हणाला, तिथे काहीच नाही. मी चित्र पुन्हा उघडलं — खरंच काही नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये चारी बाजूंनी खोटं ऊन पाडून सावल्या पाहिल्या, जुनी चित्रं काढली. साधा गवताळ उतार. पण काढताना मला ती स्वच्छ दिसली होती, आणि दिसल्याशिवाय मी रेघ मारत नाही. पुसून टाक आणि चहा घे, असं निनादचं म्हणणं. माझं डोकं तापलं. स्कूटर काढली आणि गेले.

रेषेच्या बरोबर वाटेत घरकुलाचा पाया आखलेला होता. घर बरकीमावशीचं. नवरा नाही. मुलगा-सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, नातवंडं तिच्यापाशी. कुडाच्या घरातून पक्क्या घरात जायची तिला केवढी घाई. जागा बदलता आली तर बघा, असं मी चाचरत म्हटलं. तिने शांतपणे सांगितलं की जागा तपासून झालीय. त्यांच्या घरात रीत आहे — नव्या जागेवर तांदळाचे दाणे जोडीजोडीने मांडायचे, टोपली पालथी घालून वर दगड ठेवायचा, सकाळी उघडायची. जोड्या तशाच असल्या तर जागा चांगली. तिचे दाणे हलले नव्हते.

मी म्हटलं, माझ्यासाठी एकदा परत ठेवा. हो, लिंबाला हसणारी मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा टोपलीवर दगड तसाच होता. मावशीने टोपली उचलली. जोड्या मोडल्या होत्या... सगळे दाणे एका ओळीत. मुंगी नाही, उंदराची लेंडी नाही. मी कंपास लावला. ओळीची दिशा माझ्या लाल रेषेचीच होती. मावशी म्हणाली, "मांडताना माझा हात नाय चुकला, ताई."

घर खालच्या सपाटीवर बांधलं. तिथे दाणे हलले नाहीत, आणि चित्रातही काही नव्हतं — ना माझ्या, ना निनादच्या. राहायला गेल्यावर मावशीने मला उंबऱ्याशी बसवून नाचणीची भाकरी खाऊ घातली. "तुमच्यामुलं वाचलो आमी," म्हणाली. मला ते गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

पावसाळा गेला. जुन्या जागेवर जमीन फाटली नाही, साधा दगडही घसरला नाही. मग वाचले ते कशापासून, हा किडा डोक्यात वळवळायला लागला.

या आठवड्यात नवीन चित्रं आली. पद्धतीप्रमाणे दोघांनी वेगवेगळं काम केलं आणि काल दुपारी रेषा एकावर एक ठेवल्या. पाड्यापाशी एक रेषा एकटी होती. निळी. ती मावशीच्या नव्या घरावरून जाते. मला तिथे काहीही दिसत नाही, आणि आता निनादलाही दिसत नाही. त्या छपरांमधलं मावशीचं कुठलं, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. फोनवर तो हळूच म्हणाला, "पुसू का?"

आज सकाळी मावशीला फोन लावला. परत कुडात जा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? पण मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "बरं झालं फोन केला. काल घरात मधोमध दाणे ठेवलेत. कसंतरीच वाटत व्हतं. टोपली उचलायला हात होत नाय. तुमी या, तुमीच उचला." नातवंडांना घेऊन ती अंगणात बसलीय. मी पोचेपर्यंत आत पाऊल टाकणार नाही म्हणते.

तिच्याकडे निघालेय, वाटेत शेणव्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीत बसून मोबाईलवर हे लिहितेय. माझ्याकडे याचं काहीच स्पष्टीकरण नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. दाणे हललेले असले तर तिला पुन्हा घराबाहेर काढायचं, आणि नसले तर त्या निळ्या रेषेचं काय करायचं? चहा गार झालाय. स्कूटरची किल्ली हातात आहे, मावशीचा दोनदा फोन येऊन गेला... आणि मी अजून इथेच बसलेय.