चार्जिंगचा लाल दिवा

२१ नोव्हेंबरला शाळेच्या व्हॅनवाल्याने ५,८५० रुपये मोजून नवी बॅटरी घातली आणि २३ तारखेला सकाळी तीही बसली. शाळेच्या दोन फेऱ्या बुडाल्या होत्या. दुपारची तिसरी बुडाली तर कंत्राट जाणार होतं. त्याने व्हॅन ढकलत करंटकाकांच्या दुकानापुढे आणली.

काका तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करत होते. गुडघे कुरकुरत होते आणि अकरा वाजताच पाठ टेकावीशी वाटत होती.

"काका, बॅटरीवाल्याने टोपी घातली मला."

"बघू तर दे आधी."

त्यांनी दुकानातली बॅटरी लावून इंजिन चालू केलं आणि मीटर धरला. बारा पॉइंट तीन व्होल्ट. रेस देऊनही आकडा हलेना. चौदाच्या आसपास जायला हवा होता. पट्टा घट्ट, वायरी शाबूत. मग इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या पाठीशी नेलं. चांगला डायनामो ते चुंबकासारखं ओढतो. याने ओळखही दाखवली नाही.

"चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का रे?"

"तीन-चार दिवस नाही लागला. म्हटलं, पीडा टळली."

काका वाकलेले तसेच राहिले. त्या दिव्यातून जाणारा करंटच डायनामोला जागा करतो. आणि १९ तारखेला स्पीडच्या काट्यासाठी डॅशबोर्ड उघडला होता तो त्यांनीच. संध्याकाळ झाली होती, कसंबसं काम उरकलं होतं.

व्हॅनवाला फोनवर बायकोची समजूत काढत बाहेर गेला. काकांनी डॅशबोर्ड खोलला. बल्ब होल्डरसकट मागे लोंबत होता. तो बसवला. दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. मीटरवर चौदा पॉइंट एक.

"काय सापडलं?" व्हॅनवाल्याने परत येऊन विचारलं.

वायर सुटली होती, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बल्ब मीच बसवायचा विसरलो. तुझी जुनी बॅटरी चांगलीच असणार."

"ती तर मोडीत गेली." त्याने फोन खिशात टाकला. "वय झालं काका तुमचं."

"झालं. दुकानातली बॅटरी राहू दे आत. नवी चार्जिंगला लावतो, संध्याकाळी बदलून ने. आता पळ, मुलं उभी असतील."

काट्याच्या कामाचे घेतलेले चारशे परत द्यायला त्यांनी गल्ला उघडला. त्यात ३४० निघाले. ते त्यांनी दिले. साठ रुपये द्यायचे राहिले.