जीवणकाकाची हवाबंद पेटी

जीवणकाकाने माझ्या गाडीतला वूफर पहिल्यांदा बघितला तो कानाने नाही. मला गाणं लावायला सांगितलं, स्वतःच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले, मधलं बोट जिभेवर ओलं केलं आणि डिकीतल्या डब्याच्या सांध्यांवरून सावकाश फिरवत गेला. तान्ह्या बाळाच्या अंगाला तेल लावतात तसं. चारही कोपरे झाले तेव्हा बोट लुंगीला पुसलं आणि म्हणाला, "दीकरा, हा डबा नाय. चाळण हाय."

ओल्या बोटाला हवा गार लागते. सांध्यातून हवा सुटत असली की काकाला तिथेच कळायचं. कानात बोळे का, तर गाण्याचे शब्द मधे येऊ नयेत म्हणून. "बेस कानाने ऐकतो तो गिऱ्हाईक. आपण बरगडीने ऐकायचा."

काका गेल्याला आता दोन वर्षं झाली. चिखल्याला समुद्राच्या काठी, सुरूच्या झाडांखाली त्याचं झावळ्यांचं छप्पर होतं. मूळचा तो होड्या बांधणारा. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत तेलात आणि राळेत भिजवलेला कापूस ठोकून ठोकून बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही, हे त्याचं काम. पुढे फायबरच्या होड्या आल्या. त्यांना फटीच नसतात. "फट नाय म्हणजे मी पण नाय," असं तो सांगायचा. मग एक दिवस कोणीतरी वूफरचा डबा घेऊन आला, म्हणाला यातून हवा सुटते, बेस लागत नाही. काका म्हणाला, "जन्मभर पाणी आत येऊ नाय दिलं, आता हवा भायेर जाऊ नाय देणार. काम तेच, फक्त उलटं." तेव्हापासून डहाणू, तलासरी, पार गुजरातच्या हद्दीपलीकडून पोरं गाड्या घेऊन त्याच्याकडे यायची. आणि काका स्वतः कधी गाडीत बसत नसे. वादळात होडीवर उभा राहून जेवणारा माणूस, पण गाडीत दहा मिनिटं बसला की ओकायचा. सगळीकडे सायकल.

आता माझा डबा चाळण का होता ते सांगतो. मी कैनाडचा. कैनाड ते डहाणू स्टेशन माझी व्हॅन चालते, सीटवर माणसं आणि पायाशी भाजीच्या पाट्या. शाळेत चौथीपर्यंत होतो, त्यातली दोन वर्षं तिसरीतच. वूफर बारा इंचाचा होता, म्हणून मी फळीला बारा इंचाचं भोक पाडलं. तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. वूफर ठेवला आणि तो सरळ आत गेला, विहिरीत बादली जाते तसा. त्याची कड टेकणार कशावर? मग मी भोवतीने संगीताचा जुना दुपट्टा कोंबला, वर चिकटपट्टी मारली आणि लांब उभा राहून स्वतःवर खूश झालो. संगीता म्हणजे माझी बायको. दुपट्टा जुना होता हे माझं म्हणणं. तिचं वेगळं होतं.

गाडी गावात शिरली की नंबरप्लेट, दरवाजे, डिकी, माझे दात, सगळं वाजायचं. बेस सोडून सगळं. माझा बाप खळ्यात भात झोडत होता, तो म्हणाला, "तुझी गाडी इथे आण रे. पेंढ्या वर ठेवतो, दाणे आपोआप पडतील." मला वाटलं कौतुक करतोय. मी घेऊन पण गेलो.

सातव्या महिन्यात संगीता बाळंतपणाला माहेरी निघाली, झरीला. सोडायला मीच निघालो आणि गाणं पण मीच लावलं. अर्ध्या वाटेत तिने गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरली, मागून येणाऱ्या जीपला हात केला आणि तिच्यात बसून गेली. मी रिकामी व्हॅन घेऊन तिच्या मागे मागे. जीपमधल्या बाया काचेतून माझ्याकडे बघत होत्या. मी एकीला हात पण हलवला.

झरीला सासऱ्याने अंगणात खाट टाकून दिली. कमी बोलणारा माणूस, भात आणि नाचणी लावतो. पाणी पिऊन होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "जावई, पोर तुमची, होणारं बाळ पण तुमचं. पण ह्या गाडीतून मी बाळ नाय पाठवणार."

मुलगी झाली. सव्वा महिना झाला, घरी आणायची वेळ आली. मी फोनवर म्हटलं, "आवाज बंद ठेवतो."

"बंद ठेवशील झरीच्या वेशीपर्यंत," संगीता म्हणाली. "पुढे तुझा हात जातोच. आणि गाणं बंद असलं तरी तो डबा खडखडतो. डबा काढ, मग ये. नायतर मी इथेच बरी आहे."

शेवटचं बोलताना ती हसत नव्हती. फोनवर पण ते कळतं.

म्हणून मी चिखल्याला गेलो होतो तो खरं तर डबा काढून काकाला देऊन टाकायला, लाकूड तरी त्याच्या कामाला येईल. काकाने सगळं ऐकून घेतलं. "बाई बरोबर बोलते. मी पण उतरलो असतो." मग डब्यावर हात ठेवला. "मी ठेव नाय सांगत. चार दिवस दे. एकदा ऐक, मग काढायचा तर काढ. न ऐकता काढशील तर जन्मभर तुला वाटेल बायकोने काढायला लावला."

ते चार दिवस मला वेगवेगळे आठवतच नाहीत. एकच लांब दुपार आठवते. भरती यायची, जायची. सुरूच्या झाडांतून वारा असा यायचा की पाऊस लागलाय असं वाटावं आणि वर बघावं तर ऊन. राळेचा वास. काकाचा हातोडा ठक, ठक, मधे थांबायचा, परत ठक. त्याने नवीन पेटी होडीच्या उरलेल्या सागाची केली. भोक पाडताना मला लांब बसवलं. दरवाजांच्या पत्र्यामागे जुन्या दोरांचा काथ्या भरला, म्हणजे ते खडखडणार नाहीत. मला एकच काम दिलं होतं, कापूस तेलात भिजवायचा. त्यात पण मी बोळ्याबरोबर माझा रुमाल भिजवला, आणि काकाने न बघता तो एका सांध्यात ठोकला. तो अजून तिथेच आहे.

एकदा एक गाडीवाला आला. त्याला असा बेस पाहिजे होता की समोरच्या दुकानाची काच फुटली पाहिजे. काका मान खाली घालून कापूस वळत होता. "काच फोडायची तर दगड ने दीकरा. पेटी कशाला पायजे?" गाडीवाला म्हणाला, मोठा आवाज पाहिजे. "मोठा आवाज आणि मोठा माणूस, दोघं दारात अडकतात." गाडीवाला गेला. मी खूप हसलो, मग लक्षात आलं की इथे येईपर्यंत मी पण तोच होतो, फक्त मला काच फोडता येत नव्हती.

मी विचारलं, "काका, तुला नक्की कसला आवाज पाहिजे?"

तो समुद्राकडे बघत म्हणाला, "होडीच्या पोटात झोपलायस कधी? मी लहान असताना बाप मला होडीत निजवायचा. लाट भायेर आपटते, तिचा राग सगळा भायेर. लाकडातून आत पोचते ती नुसती धप. आईच्या पोटात असंच असेल ने? ती धप पायजे. इतक्या पेट्या केल्या, जवळ जवळ येते, लागत नाय."

सांधे हवाबंद, पण पेटीला मुद्दाम ठेवलेला एक पाइप असतो, फक्त त्यातून आतली हवा श्वास घेते. पाइप लांब केला की आवाज खाली उतरतो, आखूड केला की वर चढतो. काका एका पाइपात दुसरा पाइप घालून सरकवायचा, बोटाबोटाने, आणि जागा सापडली की मगच कापायचा. शेवटच्या दिवशी मला गाडीत मागे बसवलं, पाइप माझ्या हातात. आवाज अगदी बारीक. स्वतः तीस पावलं लांब ओल्या वाळूत समुद्राकडे तोंड करून बसला. त्याने हात वर केला की मी पाइप बाहेर ओढायचा, खाली केला की आत ढकलायचा.

वर. खाली. परत खाली. ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं, ते चमकत होतं. काकाचा हात वर जायचा, पाण्यावरचा पक्षी पण तेव्हाच वर जायचा. मला वाटलं तो पक्ष्याला पण सांगतोय. मग मला वाटलं मी पण थोडा वर जातोय. आणि मग काका मला खांदा धरून हलवत होता.

"किती वेळ हात हलवतो मी," तो म्हणाला. "झोपलास?"

"नाही, डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरून?" त्याने पाइपाकडे बघितलं, जिथे मी सोडला होता. कानात परत बोळे घातले, पेटीला पाठ लावून खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.  शेवटी म्हणाला, "इथेच काप." आतापर्यंत झोपून माझं नुकसानच झालं होतं. पहिल्यांदा झोपून कामाला आलो.

आवाज वाढवायचं अँप्लिफायरचं बटण काकाने हळू आवाजावर ठेवलं आणि त्यावर राळ ओतली. "तुझी बाई हातावर विश्वास नाय ठेवत, मी पण नाय ठेवत."

दुसऱ्या दिवशी मी झरीला निघालो तर काका सायकल सुरूला टेकवून पुढच्या सीटवर येऊन बसला, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा.

"काका, तुला गाडी लागते."

"होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा बांधणारा आत बसतो. गळली तर त्याचे पण पाय भिजले पायजेत. चल."

झरी येईपर्यंत दोन पिशव्या संपल्या, दुसरी अंगणात उतरता उतरता. संगीता बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. तिने आधी डिकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बाळाला घेऊन आत गेली.

मी अंगणात उभा.  काका उंबऱ्याशी जाऊन बसला. सासूने त्याला लिंबूपाणी दिलं.

"बाई," तो आतल्या अंधाराला म्हणाला, "आधीचा डबा ह्याचा होता, तो मोडला. ही पेटी माझी."

 मग संगीताचा आवाज आला, "मघाशी ओकलं कोण?"

"मीच."

"आवाजाने?"

"नाय, गाडीने. मी कुठल्याच गाडीत टिकत नाय."

"मग आलात कशाला?"

"तू बसशील की नाय ते बघायला. नाय बसलीस तर इथेच काढून टाकतो, हत्यारं आणलीत."

मला हत्यारांचं माहीत नव्हतं. मी बघितलं, त्याच्या पायाशी खरंच हत्यारांची पिशवी होती.

संगीता बाहेर आली. बाळ तिने आपल्या बापाकडे दिलं आणि एकटी मागच्या सीटवर जाऊन बसली, डोळे मिटून. हात दोन्ही बाजूंना सीटवर ठेवले. आम्ही सगळे बाहेर उभे, डॉक्टरच्या दारात उभे राहतात तसे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लाव ना."

"लावलंय," मी म्हटलं.

"कधी?"

"तू बसलीस तेव्हाच."

तिने डोळे उघडले. सीटवरचे हात बघितले, मग छातीवर हात ठेवून परत थोडं ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही, बापाकडे हात पुढे केले. सासरा लगेच नाही आला. त्याने गाडीच्या टपावर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, ठेवून उभा राहिला. मग वाकून बाळ तिच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेला लागलो. आरशात बघितलं तर बाळ झोपलेलं, संगीता झोपलेली. काका पिशवी तोंडाशी धरून जागा होता. उन्हं कलली होती, दोन्ही बाजूंची शेतं हळूहळू मागे जात होती, आणि ती धप इतकी खोल की गाडी जमिनीवर चालते आहे असं वाटतच नव्हतं.

कैनाडला दिवे लागायच्या वेळी पोचलो. आई दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती, बाप तिच्या शेजारी धुतलेला शर्ट घालून. मी गाडी हळू केली. बाळाने तोंड वाकडं केलं.

"थांबू नको," काका पुटपुटला.

मी तसाच पुढे गेलो. गावाबाहेरच्या मोरीपर्यंत जाऊन वळलो, परत घरासमोरून आलो. बापाने विचारलं, "ब्रेक गेले काय रे?" मी मान हलवली आणि पुढे गेलो. परत मोरी. काकाचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा झाला होता.

"काका, उतरतोस का? इथे उतर, मी फिरवून आणतो."

"झोपलीय ने?"

"झोपलीय."

"मग चालव. ती उठल्याशिवाय फेरी संपली नाय."

तिसऱ्यांदा घरासमोरून गेलो तेव्हा आईने भाकरतुकड्याचं ताट खाली ठेवलं होतं आणि ती पायरीवर बसली होती.