मंगळूची बिनरिळाची कॅसेट

मंगळू गावितच्या कानावर कायम एक पेन्सिल खोचलेली असे. नवीन माणसाला वाटे, गडी हिशेबी दिसतो. पण कागदाशी त्या पेन्सिलीचा संबंधच नव्हता. ती होती कॅसेटसाठी. जीपच्या टेपात कॅसेट सारायच्या आधी मंगळू तिच्या भोकात पेन्सिल घालून सैल पडलेलं रीळ गरगर फिरवून ताठ करी. न फिरवता घातली की टेप रीळ खाऊन टाकी, आणि मग घाटात गाडी उभी करून त्याच्या तोंडातून शेवया ओढाव्या तशी ती काळी फीत ओढत बसावं लागे. एकदा पोळल्यावर हात आपोआप पेन्सिलीकडे जायला लागला. सांगतो काय, देवळात घंटेकडे जातो तसा!

नाशकाच्या पेठ नाक्यावर जिपा रांगेनं उभ्या राहत, पण सुरगाण्याकडची माणसं मंगळूचीच जीप हुडकत. कुणी मागच्या फळकुटावर लोंबकळत यायलाही तयार. का? तर टेप. नव्वदच्या साली जुनी जीप घेतली तेव्हा पत्रा गंजलेला होता, एक दिवा कायमचा झोपलेला होता, पण टेप असा खणखणीत की सावळघाटाच्या वळणावर समोरच्याला हॉर्न द्यायची गरज नाही! द्राक्षाच्या मळ्यातून कामं आटपून घरी निघालेल्या बाया म्हणायच्या, "मंगळूभाऊ, लाव ना ती नाचाची," की घाट कधी सरला ते कळत नसे.

आता या मंगळूची आई, भागीबाई. तिचा आवाज म्हणजे त्या टेपाचीही आई. त्यांच्या पाड्याची एक रीत होती. लेक लग्नाला निघाली की गाडी शिवेवर थांबायची, नारळ फुटायचा, आणि भागीबाईनं शिवेचं गाणं म्हणायचं. गाण्यात नवऱ्याचं नाव गुंफायचं. ते झाल्याबिगर नवरीनं शीव ओलांडायची नाही. आधी बैलगाड्या थांबल्या, मग जिपा थांबल्या, गाणं तेच. पाड्यातल्या झाडून सगळ्या लेकी भागीबाईच्या गळ्यावरून सासरी गेल्या म्हणा ना.

आणि नेमकं मंगळूची स्वतःची लेक रोशनी, नाशकात नर्सिंगला होती ती, तिचं लग्न ठरलं आणि म्हातारीचा गळा गेला. आजारपण आलं, ते गेलं, जाताना आवाज घेऊन गेलं. उरली नुसती हवा, कुजबुजल्यासारखी. म्हातारी कोपऱ्यात बसली ती बसलीच.

"आई, वऱ्हाडात पुढं बसायचंय तुला," मंगळू म्हणाला.

तिनं हातानंच उडवून लावलं. मग त्याचा कान ओढून जवळ घेतला आणि कुजबुजली, "मुकी म्हातारी नेऊन काय करता? शिवेवर काय मी टाळ्या वाजवू?"

शेजारच्या नवसाबाईला अर्धंमुर्धं गाणं येत होतं. पण ती म्हणाली, "भागीच्या समोर मी तोंड उघडू? लग्न हाय का माझी परीक्षा?"

मंगळूचा जीव टांगणीला लागला. नातीला शिवेपार घालवायला आजी नाही, गाणं नाही, मग लग्न कसलं?

हे ऐकून रोशनी सुट्टीत घरी आली आणि तिनं पिशवीतून आगपेटीएवढी एक चपटी डबी काढली. तिच्या दोन वायरींची टोकं बापाच्या कानात खुपसली आणि बटण दाबलं. मंगळू बसल्या जागेवरून उठून उभा राहिला! कानात भागीबाई गात होती. जुनी, गळा भरलेली भागीबाई. त्यानं वळून बघितलं, तर आई कोपऱ्यात तोंड मिटून तांदूळ निवडतेय.

"मागच्या दिवाळीत भरून घेतलं होतं, आबा. आजीला म्हटलं, सहज म्हण."

"अगं पण रीळ कुठं यात?"

"रीळ नसतं यात."

"मग आवाज बसतो कशावर?"

रोशनी हसली. नर्सिंगच्या पुस्तकात एवढं नसतं. पण अडचण अशी की डबी दोन कानांपुरती. शिवेवर सगळ्या वऱ्हाडानं ऐकायला हवं, आणि म्हातारीला आधी सांगायचं नाही, असं बापलेकीचं ठरलं.

मंगळू डबी फडक्यात गुंडाळून नाशकात द्वारकेजवळ ललितच्या दुकानी गेला. ललित गाड्यांना टेप बसवून देई. त्यानं जीपमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "काका, हा टेप म्हणजे पणजोबा आहे. याला वायर घालायला भोकच नाही. नवा बसवा."

"पणजोबाला घरातून काढतात का रे? दुसरं सांग."

मग ललितनं एक कॅसेट काढली, तिला उंदरासारखं वायरीचं शेपूट. शेपूट डबीला जोडलं, कॅसेट टेपात सारली, आणि भागीबाईनं सगळी गल्ली दणाणून सोडली. समोरचा चहावाला किटली घेऊन तसाच उभा! मंगळूनं कॅसेट काढून उजेडात धरली.

"हिच्यातही रीळ नाही?"

"नाही काका. आत नुसती दातेरी चाकं. टेपाला फसवायला. मधली दोन भोकं फिरली की त्याला वाटतं रीळ चाललंय. फिरली नाहीत तर म्हणतो संपलं, आणि कॅसेट बाहेर थुंकतो."

"म्हणजे आमच्या टेपाला आयुष्यभर रिळाची खोड लावली, आणि आता फसवायचं?" असं म्हणत मंगळू हसला खरा, पण घाटभर शेजारच्या सीटवर ठेवलेल्या त्या डबीकडे पाहुण्या बाईकडे बघावं तसा अदबीनं बघत आला.

लग्नाचा दिवस उजाडला. रोशनी हट्टाला पेटली, "आजी नाही तर मी जीपमध्ये चढत नाही." तेव्हा कुठं म्हातारी पुढं येऊन बसली, तोंड पदरात झाकून. जीप भरली. मंगळूनं कॅसेट हातात घेतली, आणि काय सांगायचं! कानावरची पेन्सिल निघाली, भोकात गेली, आणि गरगर... कट्!

आतून आवाज आला, पण डोक्यात लग्न. लक्षात कुठं येतंय?

शिवेवर जीप थांबली. नारळ फुटला. मंगळूनं इंजिन बंद केलं, किल्ली अर्धी फिरवून टेप चालू केला, शेपूट डबीला जोडून कॅसेट सारली. टेपानं ती थुंकली. पुन्हा सारली. पुन्हा थुंकली. भागीबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती खाली मान घालून बसलेली.

मागून नवसाबाई ओरडली, "मंगळू, लेकीला सासरी धाडतो का टेपाला घास भरवतो?"

सगळे हसले. मंगळू डोकं खाजवायला गेला. कानाशी हात गेला, पेन्सिल लागली, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ललित काय म्हणाला होता? भोकं फिरली नाहीत तर! त्यानं पान्याच्या पिशवीतला बारका पेचकस काढला, कॅसेट मांडीवर उघडली. एका चाकाचे दात तुटून दुसऱ्यात अडकले होते. त्यानं विचार केला, ही चाकं गाणं म्हणतात का? नाही. मग यांचं काम काय? मधली दोन भोकं तेवढी मोकळी फिरली म्हणजे झालं. दातेरी चाकं काढून त्यानं खिशात टाकली. वायर धक्का न लावता तशीच ठेवली. कॅसेट मिटवली, पेच आवळला. पेन्सिल रोशनीच्या हातात दिली आणि म्हणाला, "धर ही. माझ्या हाताचा भरवसा नाय."

कॅसेट सारली. या खेपेला टेपानं ती गिळली. रोशनीनं डबीचं बटण दाबलं.

"शिवेच्या पल्याड कोण गं उभा..."

भागीबाईनं पदर खाली घेतला. आधी मागं बघितलं, नवसाबाई गातेय का. मग टेपाकडं. मग स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. बाहेर गुरं राखणारे होते, तेही काठ्या टेकून उभे राहिले. गेलेला गळा शिवेवरून रानात चालला होता!

आणि मध्येच गाणं थांबलं.

"बिघडला वाटतं," कुणीतरी पुटपुटलं. पण बिघडलं नव्हतं. रोशनीला आठवलं. गाणं भरून घेतलं तेव्हा लग्न ठरलेलं नव्हतं. आजी म्हणाली होती, "नाव कुणाचं घालू? जागा सोडते, ठरल्यावर घालीन." रोशनी पुढं सांगणार, तोच म्हातारी टेपाच्या अगदी जवळ वाकली. तिला सोडलेली जागा बरोबर माहीत होती. इंजिन बंद, सगळं चिडीचूप, आणि त्या शांततेत तिनं उरलेल्या हवेनं नाव घातलं,

"वाल्मीक उभा गं..."

आणि टेपातली भागीबाई जणू त्याच नावासाठी खोळंबली होती, तसं तिनं तिथून पुढं भरल्या गळ्यानं गाणं उचलून धरलं, "...हळदीनं न्हाला!"

नवसाबाईनं सूर धरला, मग सगळ्या बायांनी. मंगळूला किल्ली दिसेना, डोळे भरले होते. भागीबाईनंच त्याच्या दंडाला ढोसलं आणि कुजबुजली,

"चल की आता. गाणं झालं, गाडी का उभी?"

जीपनं शीव ओलांडली.