पिल्लांना दुनिया दाखवणारी

"पाहून घे बाबू, हेबी असते दुनियेत."

हे वाक्य तिच्या पदराच्या ओटीतल्या पिल्लासाठी असायचं, आणि 'हे' म्हणजे बहुतेक वेळा मी. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी सानगडीच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून रुजू झालो. अंगावर खाकी, हाताला फिनेलचा वास. पन्नाशी उलटलेली ही बाई दारात उभी राहायची, ओटीतून पिल्लाचं डोकं बाहेर काढायची, माझ्याकडे बोट करून ते वाक्य म्हणायची. पिल्लू मला पाहायचं, मी पिल्लाला. तेवढ्यात तिची पावलं वळलेली असायची.

"बसा ना मावशी, चहा सांगतो," मी म्हणायचो.

"बसू कवा? याचे दिवस जाऊन राहिले ना!"

कुत्र्याच्या पिल्लाचे कसले दिवस, असं तुमच्यासारखं मलाही वाटलं होतं. तिचा हिशेब साधा होता. डोळे उघडल्यापासून दोन-अडीच महिने. तेवढ्यात पिल्लू जे पाहील, हुंगेल, ऐकेल, ते त्याला आपलं वाटतं. जे राहून जातं त्याची भीती जन्मभर पुरते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने पाहिलं होतं, आणि पाहिल्यावर तिला चैन पडत नव्हतं.

तलावाच्या पाळीखाली त्यांची धानाची शेती, बांध घातलेल्या लहान लहान बांध्या. नवरा अबोल, मुलगा कामसू, सून फटकळ, आणि दोन वर्षांचा नातू. घरी एकच कुत्री, पण तिची पिल्लं धान राखायला, रानडुकरं हाकायला पटाईत. लोक सांगून ठेवायचे. साकोलीकडून यायचे, थेट शहापूरहूनही यायचे. पिल्लाला ती स्वतः नाव ठेवत नसे. "नाव नेनाऱ्यानं ठेवाचं. मी ठेवलं तं मंग देनं होत नाई," म्हणायची.

कुत्री व्याली की गावातल्या प्रत्येक माणसाला काम लागायचं. शिंप्याने मशीन जोरात चालवायची. बस थांबली की कंडक्टरने खाली वाकून पिल्लाच्या कानाशी तिकिटाचा पंच खटखट वाजवायचा. पोस्टमनने सायकलची घंटी द्यायची. धानाची गिरणी सुरू झाली की ही पिल्लाला घेऊन आधी लांब उभी, दुसऱ्या दिवशी दहा पावलं जवळ, चौथ्या दिवशी दारात. दाढीवाला माणूस, छत्रीवाला माणूस, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, रडणारं पोर, शेळी, कोंबडी. बाजाराच्या दिवशी तर तिला उसंतच नसे. तिच्यासोबत चार पावलं चाललो तरी आपलंच काहीतरी राहून गेलंय असं वाटायला लागायचं. मी दवाखान्यात परत येऊन उगाच कपाट आवरत बसायचो.

सून म्हणायची, "माह्या पोराले एवढं फिरवलं असतं तं तो आतापर्यंत तहसीलदार झाला असता."

"त्याले का घाई हाय? त्याचे दिवस लंबे हायेत," सासूचं उत्तर.

एकदा एक शेतकरी तक्रार घेऊन आला. रात्री चोर आला तर हिच्याकडचं कुत्रं शेपूट हलवत त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेलं.

"मंग का नेलं चोरानं?"

"पानी भराचा पितळेचा गुंड नेला जी!"

"गुंड भाईर ठेवता अन् कुत्र्याले बोलता?" असं म्हणून ती त्यालाच चार शब्द सुनावून चालती झाली. तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. मला हसू आवरत नव्हतं.

आता सांगायचं ते माझ्या शहाणपणाचं.

एका पावसाळ्यात गावातल्या कुत्र्यांत रक्ताच्या हगवणीची साथ आली. पिल्लं दोन दिवसांत आडवी व्हायची. नेमकी तेव्हाच तिच्या कुत्रीला चार पिल्लं झालेली. पदवीवाले खरे डॉक्टर आठवड्यातून दोनदा तालुक्याहून यायचे. बाकीचे दिवस गावाचा डॉक्टर मीच. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी तिच्या घरी जाऊन मी हुकूम सोडला. पिल्लांना कोठ्याबाहेर काढायचं नाही. कोणाला हात लावू द्यायचा नाही. आत जाईल ते एकच माणूस.

"किती दिवस जी?"

"दोन महिने तरी."

ती पिल्लांकडे पाहत राहिली. "डाक्टर, दोन महिन्यांत तं यांचं सारं होऊन जाते."

"मेल्यावर काय दाखवणार आहात त्यांना?" मी म्हणालो. आवाज चढवूनच म्हणालो.

तिने ऐकलं. का ऐकलं, याचं मला आजही वाईट वाटतं. मला ती डाक्टर म्हणायची ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. त्या अंधाऱ्या कोठ्यात चार पिल्लं दोन महिने राहिली. ती एकटी आत जायची, खायला घालायची, बाहेर यायची, आणि अंगणात येरझारा घालायची. गावातली बाकीची पिल्लं पटापट गेली. तिची चारही जगली. मी ते ज्याला त्याला सांगत सुटलो.

दिवाळीनंतर पिल्लं दिली गेली. काळं पिल्लू शहापूरला गेलं, रस्त्याला लागून घर. पहिल्याच सकाळी ट्रकचा भोंगा वाजला. ते भेदरलं, आणि पळायचं ते उलट रस्त्यावरच पळालं. दोन पिल्लं आडगावी शेतावर गेली, तिथे माणसांची वर्दळ नव्हती, तरून गेली. चौथी तांबूस कुत्री एका पोराबाळांच्या घरी गेली. तिथे ती महिनाभर पलंगाखालीच होती. घरातल्या मुलीने ओढून काढायला हात घातला, तेव्हा तिने तो हात चावून फोडला.

मुलीचा बाप कुत्रीला पोत्यात घालून घेऊन आला. "तुमच्या घरचं म्हनून नेलं होतं, मावशी. नाईतं मले कुत्र्यांची का कमी होती?" एवढंच म्हणाला. मावशीने मुलीचा हात कसा आहे, तेवढं तीनदा विचारलं.

खरे डॉक्टर आले तेव्हा सरपंचांनी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्यादेखत निकाल दिला. चावल्यापासून दहा दिवस कुत्री बांधून पाहा. पिसाळलेली नसेल तर राहू दे. पण आणखी एकाला चावली तर इंजेक्शन देऊन मोकळं करायचं. देणार कोण, तर मी. औषध कपाटात वरच्या खणात होतं. त्या दिवसापासून ते कपाट उघडताना माझी नजर आधी वर जायची.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. ओटी रिकामी. मी शिव्या खायची तयारी केली होती.

"तुमचं बराबर होतं, डाक्टर," ती म्हणाली. "बिमारी एकालेबी नाई लागली."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने तो मारलाच नव्हता. मग म्हणाली, "हिचे दिवस तं गेले. आता हिचं का करू, सांगा."

मला काहीच माहीत नव्हतं. तसं मी म्हणालो. त्या दवाखान्यात मी बोललेलं पहिलं खरं वाक्य ते असावं.

दहा दिवस सरले, कुत्री पिसाळली नव्हती. मग मावशीनेच एक रीत काढली. कुत्री कोठ्याच्या कोपऱ्यात लांब दोरीला. माणूस समोर आला की ती दात काढायची, थरथरायची, जागेवरच मुतायची. म्हणून माणसाने समोर यायचंच नाही. तिच्याकडे पाठ करून खाली बसायचं. बोलायचं नाही, वळायचं नाही, हात मागे नेऊन भाकरीचा तुकडा ठेवायचा. जन्मात बूड न टेकवलेली बाई कोठ्यात दोन-दोन तास बसू लागली. बसल्या बसल्या तिचा गुडघा हलायचा, बोटं वाती वळायची. सून दारातून पाहून मला म्हणाली, "कुत्री सुधरो न सुधरो, माही सासू सुधरली."

मग मला बोलावणं आलं. "तुमी या. रोज. दवाखान्याच्या वासाचा मानूस पायजे."

रोज दुपारी चारला मी जायचो. पाठ करून बसायचो. मागे गवतात खसखस झाली की मानेवरचे केस उभे राहायचे. ही मला चावली तर उद्या मीच हिला टोचणार, हा विचार डोक्यातून जायचा नाही. पाय आखडायचे, माशा बसायच्या.

"हालू नोका जी."

"मावशी, मुंग्या आल्या पायाला."

"येऊ द्या. तिच्या साऱ्या अंगाले आल्या हायेत."

बाराव्या की तेराव्या दिवशी माझ्या पाठीला सदऱ्यातून काहीतरी गार लागलं. नाक होतं. ते कमरेपासून मानेपर्यंत सावकाश फिरलं. बाजूला पाहिलं तर मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती, कारण हात हलवायचा नव्हता.

पुढे शिंपी येऊन बसला, पोस्टमन येऊन बसला, रडणारा नातू तिच्या मांडीवर बसला. कुत्री प्रत्येकाची पाठ हुंगायची आणि बाजूला व्हायची. समोरून कोणी आलं तर अजून दात काढायची. तिला माणसाची पाठ तेवढी पटली होती. "तोंड पटाले वेळ लागन," मावशी म्हणायची. उन्हाळाभर चाललं. दोरी निघाली. पण परक्या माणसांची गर्दी काही तिने अजून पाहिली नव्हती. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, पुढच्या मंडईला तिला न्यायचं, असं मावशीचं ठरलं होतं.

मंडईआधीच धानाच्या कापणीत मावशीला ताप भरला. दोन दिवस ती तापातच बांध्यांतून फिरत राहिली. मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. आठव्या दिवशी निरोप आला. तिथूनच स्मशानात नेलं तिला, घरी आणलं नाही.

तेरवीला मांडवात दीडशे माणूस. नात्यातले, बाहेरगावचे, पिल्लं नेलेले. मी मुलाला म्हणालो, "कुत्री बांधली ना?" तो म्हणाला, "कोठ्यात कोंडली हाय." आज हिने कोणाला फोडलं तर उद्या सकाळी मला कपाटाचा वरचा खण उघडायचा होता, आणि थांबवायला मावशी नव्हती.

पंगत बसली. समोरासमोर दोन रांगा, मध्ये वाढपी. भात वाढून झाला होता, वरण फिरत होतं. तेवढ्यात सुनेची हाक आली, आणि मी पाहिलं. कोठ्याचं दार उघडं होतं. कुत्री अंगणात उभी होती, कान मागे, अंग थरथरत. मी उठायला गेलो.

"हालू नोका कोनी," सून म्हणाली. मोठ्याने नाही, पण साऱ्या पंगतीने ऐकलं.

कुत्री आमच्या रांगेच्या टोकाला आली. पहिल्या माणसाची पाठ तिने हुंगली, कमरेपासून मानेपर्यंत. पुढे सरकली. दुसऱ्याची हुंगली. तिसऱ्याची. घास कोणाच्या हातात राहिला, कोणाच्या तोंडात राहिला. माझ्याजवळ आली. गार नाक ओळखीच्या जागी टेकलं, थोडं थांबलं, आणि निघून गेलं. ती मला शोधत नव्हती.

रांग संपली. टोकाला उभी राहून तिने मांडवभर पाहिलं. मग वळसा घालून ती समोरच्या रांगेच्या मागे गेली आणि पहिल्या पाठीपासून पुन्हा सुरू झाली. वाढपी वरणाची बादली हातात धरून उभाच होता. ती शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर भाताला कोणी हात लावला नाही.