पूर्ण गठ्ठा

छापखान्यात सगळेच त्यांना आत्याबाई म्हणत. मालकसुद्धा म्हणत, आणि ते तर त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे होते. लिफ्ट बंद पडली त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून आत्याबाई तळघरातून तिसऱ्या मजल्यावर कागदाचे गठ्ठे वाहत होत्या. लिफ्ट दुरुस्त करायचं मालकांच्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

दरवर्षी वर्धापनदिनाला पुरुषांची गठ्ठ्याची शर्यत असे. गठ्ठा घेऊन जो पहिला वर पोचेल तो वर्षभर मुकादम. पितळी शिट्टी त्याच्या गळ्यात आणि कामाची वाटणी त्याच्या हातात. बायकांना संगीतखुर्ची आणि बक्षिसाला डबा. आत्याबाईंच्या घरी असे सात डबे होते. त्यांना हवी होती शिट्टी, कारण मुकादम कोणीही होवो, समोरचा ऐसपैस जिना पुरुषांना आणि मागचा अरुंद, अंधारा जिना बायकांना, ही वाटणी काही बदलत नव्हती.

यंदा त्यांनी यादीत सरळ आपलं नाव लिहिलं. मालक गांगरले. मग मन मोठं करून म्हणाले, बायकांची वेगळी शर्यत ठेवू, अर्ध्या गठ्ठ्याची, म्हणजे कोणावर अन्याय नको. ती जिंकणारी मुकादम होणार का, असं विचारल्यावर मात्र ते चष्मा पुसायला लागले.

"साहेब, एकोणीस वर्षांत मला कधी अर्धा गठ्ठा दिलात का?" आत्याबाई म्हणाल्या. "रोज पूर्ण उचलते. मग त्या एकाच दिवशी मी नाजूक कशी होते?"

नाव यादीत राहिलं.

समारंभासाठी समोरच्या जिन्याला नुकताच रंग दिला होता, म्हणून शर्यत मागच्या जिन्यावर ठेवली. सहा पुरुष गठ्ठे खांद्यावर टाकून सुसाट सुटले. सगळ्यांत पुढे तेव्हाचा मुकादम, ज्याला पैलवान म्हणत. आत्याबाई सर्वांत मागे, गठ्ठा पोटाशी धरून. बाइंडिंगच्या मुलींचे चेहरे उतरले.

दुसऱ्या वळणावर पैलवानाचा गठ्ठा कठड्याला आपटला, सुतळी तुटली आणि कोरे कागद पायऱ्यांवर पसरले. मागचे पाच जण घसरायच्या भीतीनं जागच्या जागी थबकले. या जिन्यात खांद्यावर ओझं घ्यायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार? ते कधी इथून चढलेच नव्हते. आत्याबाईंच्या पायांना मात्र भिंतीकडची कड पाठ होती. त्या न थांबता सगळ्यांच्या शेजारून वर गेल्या.

वर टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मालकांनी शिट्टी गळ्यात घातली तेव्हा आत्याबाईंचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाहीत. लगेच एक शिट्टी फुंकून त्यांनी पहिला हुकूम सोडला: उद्यापासून मागचा जिना पुरुषांना, समोरचा बायकांना, आणि महिन्यानं अदलाबदल.

"आणि गठ्ठा पोटाशी धरायचा," त्या पैलवानाला म्हणाल्या. "सकाळी ये, शिकवते."

एकोणीस वर्षं बंद असलेली लिफ्ट नवव्या दिवशी सुरू झाली.